घरात किती मतं?

"घरात किती मतं?"

२०२४ च्या मे महिन्यात, मतदानाला तीन-चार दिवस उरलेले असताना, माझ्या माहेरच्या ओट्यावर एका कार्यकर्त्याने हा प्रश्न विचारला. हातात मतदारयादीची झेरॉक्स, खिशात दोन रंगांची पेनं. मी आईला भेटायला नाशिकहून गेले होते. भाऊने आतूनच उत्तर दिलं, "पाच." त्या मुलाने यादीत आमची पाच नावं शोधली, पाचांना मिळून एक कंस घातला, कंसाबाहेर एक खूण केली आणि तो पुढच्या घराकडे गेला.

त्या पाचांत एक नाव माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईचं, एक भाऊचं, एक वहिनीचं. उरलेली दोन पोरांची. पुतण्या बावीस वर्षांचा, शेती बघतो. पुतणी वीस वर्षांची, पुण्यात टी.वाय.ला आहे आणि जोडीला स्पर्धा परीक्षेची तयारी करते. दोघांचीही ही पहिलीच लोकसभा. धाकटी पुतणी सतरा वर्षांची, म्हणून ती मोजणीत नव्हती.

तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी एक व्यक्ती, एक मत आणि एका मताचं एकच मूल्य, असं म्हटलं होतं. ते मी दर वर्षी वर्गात सांगते आणि सांगताना दर वर्षी आवाज थोडा जड होतो. इथे पाच माणसं एका कंसात बसली होती आणि घरात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझं पहिलं मत नोव्हेंबर १९८९ चं. त्याच वर्षी मार्चमध्ये ६१ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. मी एकोणीस वर्षांची होते. आदल्या रात्री जेवताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते एका वाक्यात सांगितलं. मग मतपत्रिकेची घडी कशी घालायची हे शिकवायला अर्धा तास घेतला. जुन्या वर्तमानपत्राचा लांबट तुकडा फाडून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. शिक्क्याची शाई ओली असते. कागद आधी आडवा दुमडला तर वरचा शिक्का खालच्या उमेदवारावर उमटतो आणि मत बाद होऊ शकतं. म्हणून आधी उभी घडी, मग आडवी. मी तीन-चार वेळा करून दाखवली तेव्हा त्यांचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी शिक्का त्यांच्या चिन्हावर मारला, घडी त्यांच्या पद्धतीने घातली. हेच चिन्ह का, असं मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. केंद्राबाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं ते एवढंच, "घडी नीट घातलीस ना?"

त्या चिन्हामागचं गणित मला फार उशिरा कळलं. दर वर्षी जूनमध्ये लागणारं पीककर्ज गावच्या सोसायटीतून मिळायचं. उसाची नोंद वेळेवर लागली तर तोड वेळेवर यायची. विहिरीवरचं वीज कनेक्शन अडलं की कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसावं लागायचं. हे सगळे धागे एकाच चिन्हाच्या माणसांपर्यंत जात होते. अण्णा त्याला निष्ठा म्हणायचे आणि ती निष्ठा खोटी नव्हती. त्या लोकांच्या सुखदुःखाला ते रात्री-अपरात्री धावून गेलेले मी पाहिलेत. पण त्या निष्ठेच्या पोटात सहा एकर जमिनीचा, तीन मुलांच्या शिक्षणाचा हिशेब होता. आम्ही तिघं भावंडं निष्ठा तेवढी शिकलो. हिशेब आम्हाला कुणी सांगितला नाही.

पुढे अभ्यासात केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी या दोन अमेरिकन अभ्यासकांचं काम वाचलं. १९६५ मध्ये त्यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे आईवडील यांना वेगवेगळे प्रश्न विचारले होते. आईवडिलांचा पक्ष मुलांकडे बऱ्यापैकी आलेला दिसला, पण एकेका प्रश्नावरची मतं तेवढी आलेली दिसली नाहीत. वाचताना मला अण्णांचा वर्तमानपत्राचा तुकडा आठवला. चिन्ह घरातून आलं, त्यामागचं कारण मात्र अण्णांपाशीच राहिलं.

आता महाराष्ट्रात त्या वारशाचंच काय झालं ते बघा. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली, २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण एका गटाकडे गेला, घड्याळ एका गटाकडे. ज्या घरात आजोबांपासून एकच चिन्ह होतं, त्या घरातल्या पोराने वारसा म्हणून धरायचं काय? चिन्ह, की चिन्ह गमावलेला माणूस? माझ्या वर्गातल्या एका मुलाने हे फार साध्या शब्दांत विचारलं होतं. "मॅडम, आमच्या घरचा पक्षच दोन झाला, आता घरचं मत कुठलं?" मी त्याला उत्तर दिलं नाही, आणि अजूनही वाटतं की ते त्याचं त्यानेच शोधायला हवं होतं. पण अठराव्या वर्षी तो प्रश्न त्याला पडला, हे मला मोलाचं वाटलं. मला एकोणिसाव्या वर्षी तो पडला नव्हता.

आमचं गाव निफाड तालुक्यात, दिंडोरी लोकसभा मतदारसंघात. २० मे २०२४ च्या आदल्या संध्याकाळी पुतण्या मोबाइल घेऊन आईशेजारी बसला होता. पडद्यावर दोन चित्रं. एकात तुतारी वाजवणारा माणूस, दुसऱ्यात नुसती तुतारी. यंत्रावर भगरे आडनावाचे दोघं होते. एक राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे शिक्षक उमेदवार भास्कर भगरे, दुसरे अपक्ष. "आजी, माणूस बघायचा. माणूस दिसला तरच बटण," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आई मान डोलवत होती. ओसरीवर ही शिकवणी चाललेली मी पाहिली आणि अण्णांची घडी डोळ्यांपुढे आली. पस्तीस वर्षांत फरक एवढाच पडला होता की शिकवणारा आता नातू होता. चिन्ह कुठलं ते घरात त्यानेच सुचवलं होतं आणि भाऊने मान्य केलं होतं.

मतदानानंतर आई बाहेर आली आणि म्हणाली, "माणूस दिसला बाई मला." मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. तेवढ्या वेळात तिने माणूस शोधून काढला होता. सगळ्यांना ते जमलं नसावं. नुसत्या तुतारीच्या त्या अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. दिंडोरीत तरी त्याने निकाल बदलला नाही. साताऱ्यात तशाच चिन्हाची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त निघाली.

तरुणांवर घराचा प्रभाव पडतो, असं आपण सरसकट म्हणतो. आमच्या तालुक्यात मला उलटा ओघही तितकाच दिसतो. मोबाइल पोरांच्या हातात, अर्ज पोरं भरतात, योजनेचं पोर्टल पोरं उघडतात, चिन्ह पोरं समजावतात. घरातल्या म्हाताऱ्यांचं मत आता नातवाच्या बोटाला धरून चालतं. ही केवढी मोठी जबाबदारी आहे, हे त्या पोरांना कुणी सांगितलेलं नाही.

पुतण्याने ते चिन्ह सुचवलं त्यामागे कांदा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं, तेव्हा आमच्याकडच्या बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती उठली ४ मे २०२४ ला, म्हणजे आमच्या मतदानाच्या सोळा दिवस आधी. तोवर त्याचा लाल कांदा मिळेल त्या भावात गेला होता. तो वर्षभराचा हिशेब त्याने वहीत मांडला होता. बियाणं, लागवडीची मजुरी, फवारणी, ट्रॅक्टरचं भाडं, आणि खाली पट्टीवर मिळालेले पैसे. ती वही त्याने मला दाखवली तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. अण्णांनी आयुष्यभर मनात ठेवलेला हिशेब या पोराने कागदावर आणला होता. त्याचं मत स्वार्थाचं होतं का? होतं. स्वतःच्या घामाची किंमत मागणं हा जर स्वार्थ असेल, तर लोकशाहीत माणसाने मागायचं तरी काय?

शाळेत आम्ही मुलांना स्वार्थ सोडून, देशाचा विचार करून मत द्या असं शिकवतो. २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, प्रतिज्ञा घेतो. ती घेताना मीही हात पुढे केलेला असतो. पण मला दिवसेंदिवस वाटू लागलंय की आमच्या मुलांची अडचण स्वार्थी असण्याची नाही. आपला स्वार्थ नेमका कशात आहे, हेच त्यांना माहीत नसतं. धाब्यावरचं एक जेवण, गाडीत टाकलेलं दोनशेचं पेट्रोल, साहेबांसोबतचा एक फोटो स्टेटसला, एवढ्यावर पंधरा दिवस उन्हात फिरणारी पोरं माझ्याच वर्गातली असतात. त्यांचा काही आळस नाही, कष्ट करतातच. पण आपल्या कॉलेजला गेली कित्येक वर्षं पूर्ण वेळ ग्रंथपाल का नाही, गावची शेवटची एस.टी. साडेपाचला का सुटते, हे प्रश्न त्या साहेबांना विचारायचे असतात हे त्यांच्या मनात येत नाही.

कारण विचारायचा सराव कुठे आहे? आमच्या पिढीने निदान कॉलेजच्या निवडणुका पाहिल्या. त्यात मारामाऱ्या होत, पैसा येई, गुंड येत, हे खरंच आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर त्या खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणांवरून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात पुन्हा तरतूद आली, पण माझ्या मुलांपर्यंत मतपेटी काही पोचली नाही. म्हणजे ज्या वयात चुकीचा वर्गप्रतिनिधी निवडून वर्षभर त्याचे परिणाम भोगायचे, त्या वयात ही मुलं नुसती टक्केवारी मिळवतात. मग निवडणूक शिकतात कुठे? ग्रामपंचायतीत. तिथे भावकी असते, गल्ली असते, पॅनेल असतं, जुनी भांडणं असतात. आणि निकालानंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, याचे आकडे लोकसभा-विधानसभेलाही जाहीर होतात. मत गुप्त राहतं, वस्ती राहत नाही. "आपल्या बूथवर लीड पाहिजे" हे वाक्य पोरं ऐकतात, आणि त्यात धाकही असतो हे न सांगता समजून घेतात.

बारावीच्या वर्गाला मी एक काम देते. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या 'लोकनीती'च्या सर्वेक्षणांत एक प्रश्न असतो, कुणाला मत द्यायचं हे ठरवताना कुणाचं म्हणणं तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं? हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा, एकांतात विचारून यायचं. वर्गात उत्तरं मोठ्याने वाचायची नाहीत, वहीत ठेवायची. पहिल्यांदा दिलं तेव्हा एका मुलीने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "मॅडम, आईला विचारलं तर ती रडली. म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही आजवर." ती मुलगी त्या वर्षी माझ्या वर्गातली सर्वांत हुशार नव्हती. पण त्या दिवशी ती जे शिकली ते मला पुस्तकातून शिकवता आलं नसतं.

एक गोष्ट लिहायची टाळावी असं वाटत होतं, पण ती सोडून हा लेख खरा होणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरपासून, अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाल्यानंतर, आमच्या भागात मराठा आणि ओबीसी हे दोन शब्द वर्गात येऊन बसले. माझ्याकडे एका बाकावर दोन मुली बसायच्या, अकरावीपासून. डबा एक, ट्यूशन एक, नर्सिंगला जायचं स्वप्नही एकच. एकीच्या घरी ओबीसी आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधण्याची धावपळ सुरू झाली, खापरपणजोबांच्या नावाचा कागद शोधायला वडील तहसीलला खेटे घालू लागले. दुसरीच्या घरी आपल्या वाट्यातलं जाणार ही भीती. दोघींच्या घरचे हिशेब खरे होते. कमी जागा, वाढती फी, आणि घरातली पहिली शिकणारी मुलगी. दिवाळीनंतर त्या वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

कुटुंब, शिक्षण आणि हितसंबंध या तीन गोष्टी मी फळ्यावर तीन रकान्यांत लिहीत आले. त्या दोघींच्या बाबतीत तिन्ही रकाने एकच झाले होते. जात घरातून आली, जागा शिक्षणाची होती आणि भवितव्य त्यांचं स्वतःचं. त्यांना मी उपदेश केला नाही. नर्सिंगच्या जागा जिल्ह्यात किती, सरकारी किती, खासगी किती, खासगीची फी किती, एवढंच दोघींना मिळून काढून आणायला सांगितलं. त्यांनी तक्ता करून आणला. त्यात सरकारी जागांचा रकाना इतका लहान होता की त्या दोघी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. पुन्हा एका बाकावर त्या बसल्या नाहीत. पण फेब्रुवारीत परीक्षेच्या दिवशी एकीने दुसरीची हॉल तिकिटाची झेरॉक्स काढून आणली होती, हे मी पाहिलं.

मग नोव्हेंबर आला. विधानसभेचं मतदान २० तारखेला. घरात तोवर बरंच बदललं होतं. जुलैत वहिनीने लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरला होता, पुतण्यानेच मोबाइलवर भरून दिला. महिन्याला दीड हजार. रक्कम किती हा मुद्दाच नव्हता. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या या बाईच्या नावावर पहिल्यांदाच असे पैसे येत होते, ज्यांचा हिशेब भाऊला द्यायचा नव्हता. तिने पहिल्या हप्त्यातून धाकटीला चष्मा घेतला. मे महिन्यात कांद्यावर मत देणारं घर नोव्हेंबरात एका कंसात मावेना. पुतण्या म्हणायचा, कांदा विसरलात का? वहिनी काही बोलायची नाही, भाकरी थापत राहायची. त्या गप्प राहण्यात होकार नव्हता, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.

पुतणी पुण्याहून रात्रीच्या एस.टी.ने आली. मे महिन्यात परीक्षेमुळे तिला येता आलं नव्हतं. ऑगस्टमध्ये ती शास्त्री रस्त्यावर परीक्षार्थींच्या आंदोलनात बसली होती. २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्व परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली होती, ती पुढे ढकलावी आणि कृषी सेवेच्या जागा त्यात घ्याव्यात, अशी मागणी होती. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. ती स्वतः अजून त्या परीक्षेला बसत नाही, पण मैत्रिणींसोबत रात्री उघड्यावर बसली. घरी आल्यावर भाऊने तिला सवयीने चिन्ह सांगितलं.

"पप्पा, तुमचं कांद्याचं मला कळतं. पण मला भरतीचं बघायचंय. वेळापत्रक कोण पाळणार, ते."

"घरात फूट पाडू नको."

"फूट नाही पप्पा. तुम्ही सोसायटीत जाता, मी अभ्यासिकेत बसते."

भाऊ माझ्याकडे वळला. "बघ, तुझं शिकवणं." मी काही बोलले नाही. मला अण्णांची आठवण झाली. त्यांना असं कुणी म्हटलं असतं तर ते चिडले असते, आणि मग रात्री उशिरा, एकटे, त्यावर विचार करत बसले असते. भाऊही त्या रात्री बराच वेळ ओट्यावर होता. सकाळी मोटरसायकलवर त्यानेच तिला केंद्रावर नेलं. तिने कुणाला मत दिलं हे त्याने विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या स्वतःच्या एका मताविषयी सांगायचं राहिलं. १९९४ मध्ये माझं लग्न झालं. १९९५ च्या विधानसभेला मी नाशिकला यजमानांसोबत केंद्रावर गेले, तर यादीत माझं नाव नाही. माहेरच्या यादीत होतं, पण त्या दिवशी तिकडे जाणं शक्य नव्हतं. राज्यशास्त्रात एम.ए. केलेली मी दारातून परत फिरले. आजही दर वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींकडून तेच ऐकते, "घरचे म्हणतात, लग्न होऊन जाईलच, नाव कशाला लावायचं?" मुलाचं नाव अठरा पूर्ण झाले की लागतं, कारण त्याचं मत घरात राहणार आहे. मुलीचं मत कुठल्या घरात मोजायचं हे ठरेपर्यंत ती तेवीस-चोवीस वर्षांची होते. कुठल्याही पक्षाचा जाहीरनामा या गळतीविषयी बोलत नाही आणि मला याचा मनापासून राग येतो.

यादीत नाव लावण्यासाठी अठरा पूर्ण झाल्याचं बघायच्या आता वर्षातून चार तारखा आहेत. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही करता येतो. २०२५ च्या मे महिन्यात सुटीत माहेरी गेले, तेव्हा धाकटीला अठरा पूर्ण झाले होते. भाऊ म्हणाला, घाई काय आहे. मी नाव नोंदवायचा फॉर्म ६ छापूनच नेला होता.

ती ओसरीवर पाटाला टेकून बसली आणि मोठ्या अक्षरात भरत गेली. नाव. आडनाव. मग थांबली.

"आत्या, नातेवाइकाचं नाव लिहायचंय. वडील किंवा आई, असं दिलंय. कुणाचं लिहू?"

"कुणाही एकाचं चालतं."

ती पेनाचं टोपण ओठांना लावून जरा वेळ बसली. ओट्यावर भाऊ पेपर वाचत होता, त्याने मान वर केली नाही. मग तिने वाकून आईचं नाव लिहिलं. पुढे एका रकान्यात घरातल्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक हवा होता.

"आई, तुझं मतदानाचं कार्ड कुठंय?"

स्वयंपाकघरातून वहिनी हात पुसत आली. कपाटातल्या साड्यांच्या खालून तिने एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात बँकेचं पासबुक होतं, आधार कार्ड होतं, चष्म्याच्या दुकानाची पावती होती. कार्ड सगळ्यांत खाली होतं. तिने ते पदराने पुसलं, मुलीपुढे धरलं आणि आकडे नीट उतरवते आहे ना, ते शेजारी बसून बघत राहिली.